मामांची नाडी

कुंभकोणम्, आडी महिन्यातला शुक्रवार, १९५७

डोकं फिरायची वेळ आली आहे. परदेशातल्या दोन विद्यापीठांनी प्रवेश दिलाय. एकीकडे साध्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला पूर्ण शिष्यवृत्ती. पण मला हवंय ते दुसरीकडे, हृदयाचे ठोके कागदावर उमटवणारी यंत्रं बनवायला शिकणं. तिथे फी माफ, पण बोटीचं भाडं आणि राहणं आपलं. ते मामा देणार. तिरुभुवनम्‌ला त्यांचं रेशमी साड्यांचं दुकान आहे. आडीत शुभकार्य नको, महिना संपला की देतो म्हणाले होते.

आणि आज कळलं, मामा सगळीकडे सांगत सुटलेत की भाचा हृदयाचा डॉक्टर होणार! संध्याकाळी दुकानात पाऊल टाकलं, तर गिऱ्हाइकांसमोर मनगट पुढे. "बघ रे नाडी."

"मामा, मी यंत्रं करणार. माणसं नाही तपासणार."

"यंत्रांसाठी बोटीनं कशाला जायचं? पंप दुरुस्त करणारे पापनाशम्‌ला आहेत की." मनगट तसंच पुढे.

काय करणार? धरलं. चिडून, नुसतं धरायचं म्हणून. आणि ठोका चुकला. थोड्या वेळाने पुन्हा चुकला. मला भास झाला का? यंत्र असतं तर कागदावर दिसलं असतं, मामांनाही. तेच शिकायला तर जायचंय ना!

"मामा, उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखवा," मी म्हणालो.

मनगट मागे घेत मामांनी गिऱ्हाइकांकडे अभिमानाने पाहिलं.

"दाखवलं की आत्ताच!"