मिरचीचा ठसका
मंगळवार, दिवेलागणीला

लातूरहून नात आली, म्हणून मी लई खुश. पण दुपारी तिला एकदम थंडी वाजून ताप भरला, अंग ठणकायलं, कोरडा खोकला. दिष्ट काढायला मीठमिरच्या घेतल्या न् हात थांबला.

मागच्या हिवाळ्यात ह्यांनाबी असंच झालं होतं. मी मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. हे खोकत म्हणले, "आगं, हा मिरचीचा ठसका न्हाई." मी हसले. दवाखान्यात नेलं तवर दुखणं छातीत उतरलं होतं. हे गेले.

आज मिरच्या डब्यात ठेवल्या, पोरीला रिक्षात घातलं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "फ्लू आहे आजी, वेळेवर आणलंत."

आता ती वरणभात मागायली. माझा आनंद माईना, न् रडूबी थांबंना. मिरचीचा ठसका नव्हताच हो.