मांडीवरचा पट्टा

पारनेर,
ता. ९ फेब्रुवारी १९९७

चि. वाल्मिकभाऊजी यांस,
पुष्पावतीचे अ. उ. आ.

तुम्ही पाठवलेला स्वेटर मामंजींना आखूड होतो, तरी धाकट्यानं मिलिटरीतून धाडलाय म्हणत तोच घालून पारावर मिरवतात. एवढीच काय ती हसण्यासारखी बातमी.

ह्यांच्या पलटणीतले मच्छिंद्र रजेवर आलेत. ते काल घरी आले होते. ह्यांना छातीत गोळी लागली आणि हे जागीच गेले, असं साहेबांनी आपल्याला कळवलं होतं. तसं नव्हतं, भाऊजी. सुरुंगाचा पत्रा मांडीत घुसला. पाटाचं दार उचलावं तसं रक्त सुटलं. मच्छिंद्रांनी वर पट्टा आवळला आणि रक्त थांबलं. पण हे किंचाळायला लागले, सोड सोड म्हणून विनवायला लागले, माझी शपथ घातली. पाय वाचवायचा तर पट्टा मधून मधून सैल करा, असं त्यांना शिकवलेलंही होतं. मच्छिंद्रांनी सैल केला. पुन्हा आवळला, पुन्हा सैल केला. गाडी आली तोवर अंगात रक्त उरलं नव्हतं.

मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातली बैलाच्या जूची शिवळ उचलून मच्छिंद्रांच्या डोक्यात घातली. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा मी मध्ये पडले. कातडं फाटून हाड दिसत होतं. मी पदराचा बोळा दाबून धरला आणि तशीच त्यांना जीपमधून दवाखान्यात घेऊन गेले. पुन्हा दिसला तर पाय तोडीन, असं मामंजी सांगत फिरतात. ते तोडतील, तुम्ही त्यांना ओळखता.

जवानांना जखमा बांधायला तुम्हीच शिकवता. खरं सांगा, मच्छिंद्रांनी मारलं का ह्यांना?

तुमची वहिनी,
पुष्पावती


छावणी,
ता. १७ एप्रिल १९९७

ती. पुष्पावतीवहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. वहिनी, गोरक्षनाथदादाला त्या धड्यानं मारलं. तो आम्हा सगळ्यांना तसाच शिकवला होता.

पत्र मी आमच्या डॉक्टरसाहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी वरपर्यंत भांडून धडा बदलून घेतला. एकदा आवळलेला पट्टा आता डॉक्टरशिवाय कोणी सोडायचा नाही. पण पोरं सरावात हसतात. ज्याच्या पायाला बांधलंय तो जरा कण्हला की लगेच ढिला करतात. साहेब म्हणतात, भावाची हकीकत नावानिशी सांग, मच्छिंद्रलाही पुढं उभा कर. तो तयार आहे.

मीही तयार आहे. पण आबांनी शाळेच्या फाटकावर दादाच्या नावाखाली ‘हसत हसत वीरमरण’ कोरून घेतलंय. दादा किंचाळत गेला हे गावभर झालं, तर आबा मच्छिंद्रला जिवंत ठेवणार नाहीत. तुमचा शब्द आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.

आपला,
वाल्मिक


पारनेर,
ता. ४ मे १९९७

चि. वाल्मिकभाऊजी यांस,
अ. उ. आ.

तुमचं पत्र मी मामंजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. मच्छिंद्र खोटं बोलतो, माझा वाघ पट्ट्याला रडणार नाही, असं म्हणून त्यांनी धोतर वर केलं आणि स्वतःच्या मांडीला आवळायला सांगितलं. मी बैलाचा कासरा घेतला, त्यात काठी घालून पिळत गेले. आधी ते दात-ओठ खात होते. मग शिव्या सुटल्या, मग मेलेल्या आईला हाका मारायला लागले, मग माझ्या तोंडावर असा फटका मारला की ओठ फाटला. आणि भाऊजी, मी सोडलं. माराला भिऊन नाही, त्यांचे हाल बघवेनात म्हणून सोडलं.

मामंजी बराच वेळ वळ चोळत बसले. मग म्हणाले, “पुन्यांदा बांद. आता म्या काय बी म्हनलं तरी सोडू नगंस.”

ह्यांच्या पायातला काटा मी कशी काढायची, आठवतं? पाठ फिरवून मी पायावर बसायची. हे माझ्या पाठीत बुक्क्या घालायचे, माझ्या माहेराचा उद्धार करायचे, आणि तुम्ही दारात उभे राहून दात काढायचे. तशीच मामंजींच्या पायावर बसले. माझी पाठ काळीनिळी झाली. शिव्या देऊन देऊन त्यांचा आवाज बसला, तेव्हा मी उठले.

दुसऱ्या दिवशी ते लंगडत मच्छिंद्रांच्या घरी गेले आणि त्यांच्या आईच्या पायावर डोकं ठेवलं. परत येताना फाटकावरचं ‘हसत हसत’ छिन्नी-हातोड्यानं स्वतः फोडून काढलं.

तेव्हा नावानिशी सांगा. पोरांना सांगा, जखमी माणूस शपथा घालेल, आयाबहिणीवरून बोलेल, मारेल. पाठ फिरवून पायावर बसा आणि मार खा. मच्छिंद्रांना एवढं कोणी सांगितलं असतं, तर मी आजही ह्यांच्या बुक्क्या खात असते.

लोभ आहेच, तो सैल पडू देऊ नका.

तुमची वहिनी,
पुष्पावती