मुंग्यांसाठी ठेवलेल्या वाट्या

खासबाग, ता. ९ ऑगस्ट १९३६

ती. आक्कास भरमाचा नमस्कार.

डास नकोत म्हणून पिंपांना झाकणं, खिडक्यांना जाळी, शिवाय दुधाच्या कपाटाच्या पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या चार वाट्या, हे सगळं मी माझ्या हातानं केलं. कुठं सूतभर फट न्हाय. मला ताप न्हाय. तरी घरात डास आहेतच.

काल त्या वाट्यांतच अळ्या वळवळताना दिसल्या! शेजारचे श्रीपाद मास्तर म्हणाले, "भरमाप्पा, डासांना घर तुम्हीच बांधून दिलंत की!" वाट्या ओतल्या. आज पुन्हा डास. आता कुठून, काय कळंना.

तिकडं माझ्या लेकीला, बेबीला परत हीव भरलं न्हाय ना? तिला इतक्यात पाठवू नकोस.

वखारीचे शेठ त्यांच्या घराला असंच करून मागत होते. मलाच उमजंना, ते दुसऱ्याला कसं देऊ? नको म्हटलं. साठ रुपये देत होते.

तुझा भाऊ,
भरमा