तालुकदार साहेब आल्यावर

१२ खुर्दाद १३४८ फसली. मंठा.

आजपासून रोजनिशी. (निजामाच्या कचेरीत फसली साल आणि खुर्दाद महिना, घरात चैत्र. बायकोचं, रमेचं, म्हणणं, ऊन दोन्हीकडे सारखंच.)

मी मार्तंड जगन्नाथ देऊळगावकर, गिरदावर. म्हणजे बऱ्याच गावांचे पटवारी माझ्या हाताखाली आणि तहसीलदार माझ्या डोक्यावर. मधल्या माणसानं केलेलं काम कुणाला दिसत नाही. ते आपणच लिहून ठेवलेलं बरं.

संकल्प: नायब तहसीलदार होण्याआधी एक गाव सुधारायचं. एकच पुरे. रिपोर्टात जागा एका ओळीचीच असते.

१४ खुर्दाद.

पिंपरसावंगीचा दौरा. सुधारण्यासाठी हेच गाव पसंत केलं. रस्ता बरा आहे आणि पुंजाराम पाटलाच्या घरचं तूप चांगलं आहे.

गावाला एकच विहीर, पायऱ्यांची. बाया पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरतात आणि घागर भरतात. त्यामुळे घरोघरी नारू. पायातून दोऱ्यासारखा किडा निघतो, तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा बाहेर घ्यायचा. घाई केली की तुटतो आणि पाय कामातून जातो. पाटलाच्या पडवीत दोघं जण पायाला काडी बांधून बसलेले होते.

चावडीसमोर भाषण केलं. डॉक्टरसाहेबांचं पत्रक वाचून दाखवलं. नारू न गाळलेल्या पाण्यातून पोटात जातो आणि साधारण वर्षानं पायातून निघतो. ज्याला नारू झालाय त्यानं पाण्यात पाय घातला की अख्ख्या गावाचं पाणी बिघडतं. म्हणून पाणी गाळा आणि पाण्यात पाय घालू नका. भाषण लांबलं. घसा सुकला.

गोजरबाई नावाची म्हातारी पाणी घेऊन आली आणि लुगड्याच्या फडक्यातून गाळू लागली. मी तिला थांबवलं. अधिकाऱ्यानं जनतेत मिसळलं पाहिजे. तसंच ओंजळीनं प्यालो, दोनदा. लोक एकमेकांकडे बघत राहिले. भारावले असावेत.

जाहीर केलं: पायऱ्या बंद करू, वर रहाट बसवू. घागर दोरानं खाली, दोरानं वर. पाण्याला पाय लागायला नको. गोजरबाईनं विचारलं, "साहेब, खरंच बसवून राह्यले का?" तिची सून द्वारकाबाई नारूनं खाटेवर आहे. मी म्हणालो, सरकारचा शब्द आहे.

३ तीर.

रहाट मंजूर झाला आणि जालन्याहून बैलगाडीनं आलासुद्धा. सागवानी, लोखंडी आसाचा. हात फिरवावासा वाटतो. सध्या आमच्या अंगणात ठेवलाय. अशी वस्तू उगाच कुणीही बसवायची नसते. जिल्ह्याचे अव्वल तालुकदार साहेब दौऱ्यावर येतील, त्यांच्या हस्ते बसवू. माझ्या शेजारी ते, त्यांच्या शेजारी रहाट.

रमा म्हणाली, तोवर लोकांनी पाणी कशानं काढायचं? तिला प्रशासनातलं कळत नाही.

१९ तीर.

फलक तयार. "हुकमावरून: मार्तंड जगन्नाथ देऊळगावकर, गिरदावर" हे मोठ्या अक्षरांत. खाली उरलेल्या जागेत "पाण्यात पाय घालू नये". रंगारी म्हणाला, खालचं मोठं काढू का? नाही म्हटलं. हुकूम कुणाचा हे आधी कळलं पाहिजे.

फलक विहिरीवर रोवला आणि पाटलाला बजावलं: हा सरकारी फलक आहे. तालुकदार साहेब आल्याशिवाय याला कुणी हात लावायचा नाही.

२४ तीर.

पायऱ्यांच्या तोंडाशी गवंड्याकडून भिंत घातली. अर्धं काम फत्ते. गोजरबाई आडवी आली. "भिताड घातलं, मंग रहाट कुठंय?" तालुकदार साहेब आल्यावर, असं सांगितलं. "तवर आमी काय प्यावं?" म्हणे. थोडा धीर धरा, म्हटलं. जनतेला सगळं जल्दी पाहिजे असतं.

२ अमरदाद.

भिंतीला भगदाड. बरोबर एक बाई घागरीसकट जाईल एवढं. चौकशी केली. सगळं गाव एकमुखानं सांगतं, बकरीनं धक्का दिला. कुणाची बकरी? "वाट चुकून आल्ती," पाटील म्हणाला. रिपोर्टात लिहिलं: भिंत बांधून पूर्ण. बकरीचा उल्लेख टाळला.

२० अमरदाद.

पाऊस सुरू. साहेबांचा दौरा पुढे ढकलला. चांगलंच झालं, चिखलात समारंभ शोभला नसता.

११ आबान.

विलायतेत लढाई पेटली. साहेबांचा दौरा पुढे. हिटलर नावाच्या माणसाला पिंपरसावंगीची काही कल्पना नाही.

१७ दै १३४९.

साहेब शिकारीला गेले. दौरा पुढे. रमा रहाटाच्या दांड्यावर रजया वाळत घालते. सरकारी वस्तू आहे हे तिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, अहो, मग सरकारला म्हणावं घेऊन जा.

५ बहमन.

मंठ्याचा बाजार. गोजरबाई विचारत विचारत घरी आली. अंगणात रहाटापाशी उभी राहिली. त्याच्यावरून हात फिरवला, चाक एकदा फिरवून पाहिलं. म्हणाली, द्वारकेला आता दुसऱ्या पायात नारू निघालाय. सुगी चालू आहे, घरात कापणीला माणूस नाही, आणि पाण्याला या वयात तीच पायऱ्या उतरते. "गाडी घेऊन येते साहेब, रहाट न्हेऊ द्या." मी नियम समजावून सांगितला. वापरलेला रहाट साहेबांपुढे जुना दिसेल.

रमेनं तिला चहा दिला. मला दिला नाही.

रात्री जेवताना थोडं वाईट वाटलं. पण वाटण्यावर कारभार चालत नाही.

९ अर्दिबहिश्त.

आनंदाची बातमी! साहेबांचा दौरा पक्का. पुढच्या महिन्यात पिंपरसावंगी. कचेरीत कुणीतरी म्हणालं की नायब तहसीलदाराची जागा रिकामी होतेय. मी डोक्याला बांधायचा नवा रुमाल काढून ठेवला.

डाव्या घोट्याला खाज येते. नव्या बुटांमुळे.

१ खुर्दाद. मुक्काम पिंपरसावंगी.

तयारीसाठी आधीच येऊन राहिलो. पाटलाच्या पडवीत खाट. भगदाड बुजवण्याचा हुकूम दिला. उद्या करू म्हणाले. रहाट साहेबांच्या आदल्या दिवशी मंठ्याहून आणायचा.

घोट्यावर फोड. बूटच.

३ खुर्दाद.

फोड मोठा झालाय, निखारा ठेवल्यासारखी आग होते. पाटील वाकून बघू लागला. धोतर खाली ओढलं. शिकलेल्या माणसाला नारू होत नाही, त्याला पत्रक पाठ असतं.

४ खुर्दाद. पहाट.

झोप नाही. आग सहन होईना. लंगडत विहिरीपर्यंत गेलो. भगदाडातून आत शिरलो (आता वाटतं, बकरीनं काम नीट केलंय). खालच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडला.

काय सांगू! इतकं सुख नोकरीत कधी मिळालं नाही. डोळे मिटले.

उघडले तेव्हा गोजरबाई घागर घेऊन वरच्या पायरीवर उभी. मी म्हणालो, पाण्याची तपासणी, मुआयना चालू आहे. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं. मीही पाहिलं. फोड फुटला होता आणि पांढऱ्या दोऱ्याचं टोक पाण्यात हलत होतं.

म्हातारी ओरडली. असा आवाज या बाईत असेल असं वाटलं नव्हतं. "अवो पाटील! साहेबानं पाणी नासवलं! अख्ख्या गावाचं पाणी नासवलं वो!"

४ खुर्दाद. दुपार.

चौघांनी खाटेवर उचलून आणलं. पायाला काडी बांधली. रोज पाटलाची आई एक वेढा देणार, जास्त नाही. तोवर पाय हलवायचा नाही. मला हिशेब लागला. गेल्या वर्षीची ती ओंजळ. दोनदा प्यालो होतो. दुसऱ्या पायाकडे सारखं लक्ष जातं.

मंठ्याला निरोप पाठवला, रमेला बोलावलं.

५ खुर्दाद.

रमा गाडीनं आली. बसायला म्हणून गाडीत रहाट आडवा टाकून, त्यावर रजई. मी विचारलं, हा कशाला आणलास, साहेबांच्या आदल्या दिवशी आणायचा होता. ती माझ्याशी बोलायच्या आधी गोजरबाईशी बोलली. माणसं आली, रहाट उतरवून घेऊन गेली. मी खाटेवरून दोनदा "थांबा" म्हणालो. हुकमाच्या आवाजात म्हणालो. कुणी वळून पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत भगदाड दगड-चुन्यानं बंद. वर रहाट. वर्षभर जे काम झालं नाही ते लोकांनी एका दिवसात केलं. जनजागृती. रिपोर्टात तसंच लिहीन.

रमा म्हणाली, जागृती कसली, तुम्ही पुन्हा विहिरीत उतराल म्हणून वाट बंद केली त्यांनी.

७ खुर्दाद.

गावानं ठरवलंय, वर्षभर घरोघर पाणी गाळूनच प्यायचं. बाया रोज घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधतात आणि खाटेजवळून जाताना माझ्याकडे बघून गाठ आवळतात. द्वारकाबाई काठी टेकत रहाटापर्यंत जाऊन आली. तिनं बसल्या बसल्या घागर वर ओढली. गोजरबाई रडत होती. मलाही भरून आलं, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

८ खुर्दाद.

कचेरीतून शिपाई आला. साहेबांचा दौरा रद्द. कायमचा, साहेबांची बदली झाली. नायब तहसीलदाराची जागा भरली गेली. कुणाची नेमणूक झाली ते शिपायाला विचारलं नाही, तरी त्यानं सांगितलं.

९ खुर्दाद.

सकाळी पाटील विहिरीवरचा फलक उपटून घेऊन आला आणि माझ्या खाटेच्या पायथ्याशी रोवला. तोंड माझ्याकडे. दिवसभर दुसरं काही दिसत नाही. "मार्तंड जगन्नाथ देऊळगावकर" मोठ्या अक्षरांत. खालचं बारीक आहे, पण इथून वाचता येतं.

पोरं येऊन बघून जातात. रमेला म्हणालो, निदान पाठमोरा करायला सांग. ती म्हणाली, पाटलांना तुम्हीच सांगा.

पाटलाला बोलावलं. नीट, अदबीनं सांगितलं, हा फलक इथून काढा.

पाटील हात जोडून म्हणाला, "सरकारी फलक हाये साहेब. आमच्यानं हात लाववत न्हाई. तालुकदार साहेब आल्यावर काढू."