आत्याचं नाक

प्रिय आत्या,

तू गेलीस हे बाबांना आम्ही सांगितलंच नाही. वेळच आली नाही गं. त्यांचं विसरणं वाढलं, आणि माझ्या तोंडावरचं तुझं पोपटनाक बघून ते मलाच ‘ताई’ म्हणायला लागले. ताईच्या हातून निमूट जेवायचे. आंघोळीला नेलं की मात्र बिथरायचे. एकदा त्यांचं डोकं आदळून माझं नाक मोडलं, ऑपरेशन झालं. ते भरून येतंय तोवर पुन्हा तेच.

श्वास घेता येईना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "परत करावं लागेल. या वेळी बरगडीचा तुकडा लावून सरळच करतो." मी हो म्हटलं. नाकाचा तुझा बाक जाईल हे डोक्यातच आलं नाही.

पट्टी होती तोवर बाबा विचारायचे, "ताई, दुखतंय का?" काल मी पट्टी काढून घरी आले. सगळे म्हणतात छान दिसतेस. जळलं मेलं ते छान! बाबा बराच वेळ बघत राहिले, मग उठून त्यांनी खुर्ची पुढे केली. "बसा ना. ताई येईलच एवढ्यात."

आज त्यांना आंघोळ घातली. हात छातीशी धरून गुपचूप बसले होते. मान जरासुद्धा हलवली नाही. "तुम्हाला उगाच त्रास," म्हणाले.

नाकाला आता काही धोका नाही, आत्या. परक्यांशी बाबा पहिल्यापासून फार अदबीनं वागतात.

तुझ्यासारखी न दिसणारी,
तुझीच भाची