फुकटची जीप

माझ्या कारभारणीस, दुरूनच पण मनापासून आठवण.

मी ठीक आहे, जेवतो वेळेवर. तुझा खोकला थांबला का?

आम्ही बांधतोय ती विमानतळाची नवी धावपट्टी माझ्या घरमालकीण आजींच्या कुंपणाला येऊन टेकली आहे. पूर्वी इथे नुसती गवताची पट्टी होती, तेव्हा वैमानिक आजींकडे पाणी प्यायला यायचे. शेजारची घरं पाडली, आजी मात्र हलत नाहीत.

परवा आमचे साहेब, एरवी खेकसणारे, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रविवारी आजींना बहिणीकडे फिरवून आण. माझी जीप ने." एवढा गोडवा! माझ्या मनात पाल चुकचुकली. आजींना सांगितलं. त्या हसल्या, "मग बहिणीलाच इकडे बोलावते."

रविवारी सकाळी बुलडोझर आला, तेव्हा दोघी दारात खुर्च्या टाकून चहा पीत होत्या. बुलडोझरवाला माघारी गेला.

सोमवारपासून मला रोलरवरून काढून खडी उचलायला लावलंय. काळजी नको, अंग जरा दुखतं इतकंच.

आपल्या माळावरही विमानतळासाठी मोजणी चालू आहे म्हणे, खरं का? कुणी फुकट फिरायला नेतो म्हणालं, तर मी येईपर्यंत उंबरा सोडू नकोस.

इथे राहून तिथेच असलेला,
तुझा मी