भुलाबाईचं चुकलेलं कडवं

मामी,

तू गिरणीवरून यायच्या आतच मी चालली, रागावू नको. दूध तापवून जाळीखाली ठेवलं. खिरापतीले मुरमुऱ्याचा चिवडा केला. डबा हलवला की पोरी आवाजावरून खिरापत ओळखतात, म्हणून जुन्या टॉवेलात गुंडाळला. सोडू नको.

मी उरकुडेंच्या पायलसंग घरोघरी भुलाबाईच्या गाण्याले गेली. हो, गाण्याले!

यवतमाळले माह्या गाण्याच्या व्हिडिओले गाढवाचा आवाज लावून वर्गातल्या पोरायनं तो साऱ्या शाळेत फिरवला, तेव्हापासून मी गायलीच नव्हती. इथं मुकुटबनले आली तर तू काही विचारलं नाही. 'विसरून जा' असंही म्हटलं नाही. फक्त रोज संध्याकाळी भुलाबाईच्या मूर्तीपुढं एकटीच गायली, अन् रोज तेच कडवं चुकली. मले राहवत नव्हतं. पहिले मनातल्या मनात दुरुस्त केलं, मंग ओठातल्या ओठात, अन् काल भांडे घासता घासता मोठ्यानंच म्हणून बसली.

आज मामा म्हणे, "तुह्या मामीले तर लहानपणापासून सारे गाणे पाठ आहेत. ती कायले चुकते?"

पायलची आई मोबाईलवर व्हिडिओ काढतेच. काढू दे.

सगळ्यात शेवटी आपल्या घरी येऊ. तोवर टीव्ही लावू नको, दार उघडं ठेवजो. उरकुडेंच्या अंगणातला आवाज आपल्या ओसरीवर येते.

अन् मामी, आतापासून तू ते कडवं बरोबर म्हटलं तरी चालते.

तुही,
रेवा